पिल्लाचं वय किती? दात आणि अंगलट पाहून अंदाज बांधण्याची रीत

डिसेंबरातल्या एका सकाळी भाजी मंडईच्या मागे, रिकाम्या क्रेटच्या ढिगाआड चार पिल्लं सापडली. आई दोन दिवस फिरकली नव्हती, असं तिथल्या फुलवाल्या मावशी सांगत होत्या. घरी आणल्यावर जो तो आपापला अंदाज सांगू लागला. सगळ्यांत थोराड पिल्लू भरलं २ किलो ३०० ग्रॅम, म्हणून ते ‘दोन महिन्यांचं तरी असेल’. सगळ्यांत बारकं १ किलो १०० ग्रॅम, म्हणून ते ‘जेमतेम महिन्याचं’. मग एकेकाचा ओठ वर करून पाहिला. चौघांच्याही तोंडात तेच दात होते आणि जवळपास तितकेच वर आलेले. एकाच वेताची पिल्लं; वजनात दुपटीचा फरक पडला होता, दातांत पडला नव्हता.

त्यामुळे वय ओळखताना मी आधी तोंडात पाहते आणि आकाराकडे शेवटी वळते. उपाशी पिल्लू खुरटतं, जंतांनी भरलेलं पिल्लू फुगलेल्या पोटामुळे मोठं वाटतं, केसाळ पिल्लू नुसत्या केसांमुळे थोराड दिसतं. दातांचा क्रम मात्र फारसा हलत नाही. अगदीच हाल झालेल्या पिल्लात दात थोडे उशिरा येतात आणि मोठ्या जातींत छोट्या जातींपेक्षा जरा लवकर येतात, पण तो फरक दिवसांचा किंवा एखाद्‌दुसऱ्या आठवड्याचा असतो.

वय कळून करायचं काय, असं काही जण विचारतात. बाटलीने दूध पाजायचं की ताटलीत खायला द्यायचं, हे वयावर ठरतं. जंताचं औषध आणि लसी कधी द्यायच्या, हे वयावर ठरतं. दत्तक द्यायचं तर आईपासून आणि भावंडांपासून कधी वेगळं करायचं, हेही वयावरच ठरतं. यातला एकही निर्णय चुकला तर किंमत पिल्लू मोजतं.

हात लावण्याआधी

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती अनाथच आहेत असं नाही. कुत्री अन्न शोधायला तास-दोन तास लांब जाते. पोटं भरलेली, एकमेकांना चिकटून शांत झोपलेली पिल्लं बहुधा आई असलेली असतात. लांब उभं राहून वाट पाहा, आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा. आई परत येत असेल तर पिल्लं तिथेच ठेवून आईलाच खायला घालणं सगळ्यांत चांगलं. सतत केकाटणारी, अंग गार पडलेली, पोट खपाटीला गेलेली पिल्लं मात्र उचलावीच लागतात.

आणली की आधी ऊब. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा, पण पिल्लाला तिच्यापासून सरकायला जागा राहू द्या. अंग गार असताना दूध पाजू नका. ते पचत नाही, श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अंग कोमट झाल्यावर मग तपासणी आणि मग दूध.

हात साबणाने धुवा, एका वेताकडून दुसऱ्या वेताकडे जाताना पुन्हा धुवा. पार्व्हो या आजाराचा विषाणू हातांवरून, चपलांवरून, टॉवेलावरून जातो आणि लस न झालेल्या पिल्लांना झपाट्याने मारतो. दुसरी गोष्ट रेबीजची. दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात, तोंड उघडताना बोटाला सहज ओरखडा बसतो. ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ओळख-पाळख नसलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. रेबीज पिल्लांनाही होतो.

पहिले तीन आठवडे: दात नसतात, तेव्हा डोळे आणि कान

हिरड्या पूर्ण गुळगुळीत असतील तर पिल्लू साधारण तीन आठवड्यांच्या आतलं आहे. मग बाकीच्या खुणा पाहायच्या.

नाळेचा सुकलेला तुकडा पोटाला लोंबत असेल तर पिल्लू दोन-तीन दिवसांचं. तो त्यानंतर गळून पडतो. डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले, पोटावर सरपटत ऊब शोधणारं पिल्लू पहिल्या दहा-बारा दिवसांतलं असतं.

डोळे १० ते १४ दिवसांच्या दरम्यान उघडतात. आतल्या कोपऱ्याकडून फट पडू लागते आणि ती दोन-तीन दिवसांत रुंदावते. फट नुकती पडलेली असेल तर वय दोन आठवड्यांच्या आगेमागे धरायला हरकत नाही. पापण्या ओढून उघडायच्या नाहीत. बंद पापणीखाली सूज दिसली किंवा पू आला तर लगेच डॉक्टरांकडे. नुकत्या उघडलेल्या डोळ्यांचा रंग निळसर, धुरकट असतो. ते आंधळेपण नव्हे.

कानांची भोकं त्यानंतर, साधारण १४ ते १८ दिवसांत मोकळी होतात. टाळी वाजवल्यावर पिल्लू दचकलं तर ते तीन आठवड्यांच्या जवळ आलं, असं समजा. याच सुमारास ते चार पायांवर उभं राहू पाहतं, दोन पावलं टाकतं आणि बाजूला कलंडतं.

या वयात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची जागा हळू पुसावी लागते. दूध भरपूर पाजलं, ऊबही दिली, पण हे कोणी सांगितलं नाही म्हणून पिल्लं दगावल्याचं मी पाहिलं आहे. ‘हे पिल्लू तीन आठवड्यांच्या आतलं आहे का’ हा प्रश्न म्हणून सगळ्यांत आधी सोडवायचा.

दुधाबद्दल थोडं. गाई-म्हशीचं दूध कुत्रीच्या दुधाला पर्याय होत नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश आणि प्रथिनं असतात. गाईच्या दुधावर पिल्लाला जुलाब लागतात आणि इतकं लहान पिल्लू जुलाबाने काही तासांत सुकतं. औषधांच्या आणि प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती आणा. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर धरा. तान्ह्या बाळासारखं उताणं नको.

तोंड कसं पाहायचं

जबडा फाकवायची गरज नसते. पिल्लू जरा पेंगुळलेलं असताना मांडीवर घ्या, पाठ तुमच्याकडे. खिडकीजवळ बसा किंवा कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरायला सांगा, डोळ्यांवर नको. एका हाताने हनुवटीखाली आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ हळूच वर करा. पुढचे दात आणि सुळे दिसतील. मग ओठाचा कोपरा मागे सरकवा, म्हणजे गालाआडचे दात दिसतात. दोन्ही बाजू, वर आणि खाली, असं चार वेळा पाहायचं. दोन सेकंदांत जेवढं दिसेल तेवढं, मग सोडायचं, चुचकारायचं, पुन्हा पाहायचं. फोटो काढून ठेवा. मोठा करून पाहिला की डोळ्यांना न दिसलेली टोकं दिसतात, आणि पुढच्या आठवड्यात तुलनाही होते.

जे दिसत नाही ते बोटाला कळतं. स्वच्छ करंगळी हिरडीवरून फिरवा. येऊ घातलेल्या दाताच्या जागी हिरडी टणक, फुगीर लागते. टोक बाहेर आलेलं असेल तर ते वाळूच्या कणासारखं टोचतं.

आता नावं. समोरचे छोटे, पटाशीचे दात: वर सहा, खाली सहा. त्यांच्या बाजूला लांब टोकदार सुळे: वर दोन, खाली दोन. त्यांच्या मागे उपदाढा: दुधाच्या दातांत प्रत्येक बाजूला वर तीन, खाली तीन, म्हणजे एकूण बारा. मिळून २८. दुधाच्या दातांत खऱ्या दाढा नसतात. त्या थेट पक्क्या येतात, आणि तेव्हा एकूण दात ४२ होतात. हे दोन आकडे, २८ आणि ४२, पाठच करून टाका.

तीन ते आठ आठवडे: इथे अंदाज सर्वांत नेमका येतो

या पाच आठवड्यांत तोंडात दर चार-पाच दिवसांनी काहीतरी बदलतं, म्हणून इथे आठवड्याभराच्या फरकाने वय सांगता येतं.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सुळे वर येतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पटाशीचे दात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात उपदाढा. या मुदती एकमेकींवर चढलेल्या आहेत, त्यामुळे एका दाताकडे पाहून वय ठरवू नका. कोणते आले आणि कोणते अजून यायचे, ही जोडी पाहा.

सुळ्यांची नुसती टोकं हिरडीतून डोकावत असतील आणि पटाशीच्या जागी हिरडी फुगीर असेल, तर पिल्लू तीन ते साडेतीन आठवड्यांचं. ते डुलत डुलत चालतं, भावंडाच्या कानाला तोंड लावतं, बारीक भुंकू पाहतं. सुळे बऱ्यापैकी वर, पटाशीचे काही दात आले, काही नाहीत, मागे अजून काही नाही: साधारण चार-साडेचार आठवडे. आता ते पळतं, शेपूट हलवतं. दुधात कालवलेला मऊ घास ताटलीतून चाटायला शिकवायची हीच वेळ. पटाशीचे सगळे आले आणि मागे उपदाढांची टोकं दिसू लागली: पाच ते सहा आठवडे. उपदाढा वर आल्या पण सगळ्या पूर्ण नाहीत: सहा ते सात. सगळे २८ दात पूर्ण आणि कोरे, तीक्ष्ण: आठ आठवडे किंवा त्याहून जास्त.

त्या ‘किंवा त्याहून जास्त’वर पुढे बोलते.

डोळ्यांचा रंग इथे दुसरा साक्षीदार म्हणून कामी येतो. चार-पाच आठवड्यांनंतर निळसर झाक उतरू लागते आणि खरा तपकिरी रंग येऊ लागतो. आठ ते बारा आठवड्यांत तो स्थिरावतो. दात सहा आठवड्यांचे आणि डोळे अजून धुरकट निळे, असं दिसलं तर पुन्हा एकदा तोंडात पाहा. नर पिल्लात वृषण साधारण दोन महिन्यांपर्यंत पिशवीत उतरलेले हाताला लागतात. लागले नाहीत तर त्यावरून वय कमी करू नका, काहींचे उशिरा उतरतात. सहा महिन्यांनंतरही नसतील तर डॉक्टरांना सांगा.

मंडईतल्या चौघांचं उदाहरण घेऊ. तारीख १६ डिसेंबर. सुळे पूर्ण, पटाशीचे बाराही दात वर, उपदाढा बहुतेक आलेल्या, पण सगळ्यांत मागच्या अजून अर्ध्या हिरडीत. डोळ्यांत तपकिरी रंग उतरू लागलेला. पळत होती, गुरगुरत होती, ताटलीतलं खात होती. म्हणजे सहा ते सात आठवडे. मागे मोजलं तर जन्म २८ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरच्या दरम्यान. कार्डावर जन्मतारीख १ नोव्हेंबर लिहिली आणि समोर ‘अंदाजे’ हा शब्दही लिहिला. तो शब्द लिहाच. पुढच्या डॉक्टरांना त्यावरून कळतं की हा आकडा थोडा मागेपुढे होऊ शकतो.

दोन ते चार महिने: दात गप्प असतात

आठ आठवड्यांना २८ दात पूर्ण झाले की पुढे जवळजवळ दोन महिने नवं काही येत नाही. नऊ आठवड्यांचं पिल्लू आणि तेरा आठवड्यांचं पिल्लू, दोघांच्या तोंडात २८ दुधाचे दात. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

तरी दोन गोष्टी पाहता येतात. दात तेवढेच राहतात पण जबडा वाढत असतो, त्यामुळे पटाशीच्या दातांमध्ये फटी पडतात. आठ आठवड्यांना दात एकमेकांना लगटून असतात. तीन-साडेतीन महिन्यांना मध्ये स्पष्ट जागा दिसते. आणि सुरुवातीची सुईसारखी टोकं चावून चावून थोडी बोथट होतात. फटी रुंद आणि टोकं झिजलेली असतील तर वय चार महिन्यांकडे झुकलेलं आहे.

आता अंगाकडे पाहायची वेळ येते. आठ आठवड्यांचं पिल्लू गोल असतं: डोकं मोठं, तोंड आखूड, पाय बुटके. तीन महिन्यांनंतर पाय लांब होतात, थोबाड पुढे येतं, पिल्लू कोवळ्या वासरासारखं उंच आणि बेढब दिसू लागतं. गावठी कुत्र्यांचे कान याच काळात उभे राहू लागतात, कधी एक उभा आणि एक पडलेला.

वजनाला इथेही एकट्याने साक्ष देऊ देऊ नका. सोलापूर-सांगली-लातूरकडच्या कारवान किंवा पश्मी कुत्र्याचं पिल्लू लांबलचक पायांचं असतं. त्याला गावठी पिल्लाशेजारी उभं केलं तर ते दोन-तीन आठवड्यांनी मोठं वाटेल. लॅब्राडॉरचं पिल्लू आणि पॉमेरेनियनचं पिल्लू तर एकाच काट्यावर तोलायचा प्रश्नच येत नाही. वजनाचा खरा उपयोग वेगळा आहे. दूध पिणाऱ्या पिल्लाचं वजन रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करा. जन्मवेळचं वजन साधारण ८ ते १० दिवसांत दुप्पट व्हायला हवं, आणि नंतरही ते रोज थोडं तरी वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

चार ते सात महिने: दुधाचे पडतात, पक्के येतात

घड्याळ पुन्हा चालू होतं. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पटाशीच्या मधल्या दातांपासून सुरुवात होते. मधले दोन आधी, मग त्यांच्या शेजारचे, कोपऱ्यातले शेवटी. पाच महिन्यांच्या आसपास पटाशी बदललेली असते. पक्का दात ओळखायला सोपा: तो रुंद, शुभ्र आणि दुधाच्या दातापेक्षा चांगलाच मोठा असतो, आणि त्याच्या कडेला तीन पाकळ्यांसारखे उंचवटे असतात. दुधाचा दात शेजारी असला की फरक लगेच कळतो.

मधले चार पक्के, कोपऱ्यातले अजून दुधाचे: चार ते साडेचार महिने. पटाशी सगळी पक्की, सुळे अजून दुधाचे, बारीक: साधारण पाच महिने. सुळे नुकते अर्धे वर आलेले, जाड, कोरे: साडेपाच ते सहा. मागे बघायला पिल्लू देत असेल तर दाढाही सांगतात. पहिली मोठी दाढ चार-पाच महिन्यांत येते, दुसरी पाच-सहा महिन्यांत, आणि खालच्या जबड्यातली सगळ्यांत मागची छोटी दाढ सहा-सात महिन्यांत. ती आली आणि ४२ भरले की पिल्लू सात महिन्यांचं झालं असं धरा.

या महिन्यांत चपला, टेबलाचे पाय, झाडूची मूठ, सगळं चावलं जातं. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, तोंडाला वास येतो. घाबरायचं कारण नाही. पडलेले दात बहुतेक वेळा गिळले जातात. कधी फरशीवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडतो.

एक गोष्ट मात्र सोडून देऊ नका. पक्का सुळा वर आला आणि दुधाचा पडलाच नाही, असे दोन सुळे शेजारी-शेजारी दिसू शकतात. वरच्या जबड्यात पक्का सुळा दुधाच्या पुढून येतो, खालच्यात आतल्या, जिभेकडच्या बाजूने. काही दिवस दोन्ही दिसले तर चालतं. पण पक्का बराच वर येऊनही दुधाचा घट्टच असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर पक्के दात वाकडे बसतात आणि मध्ये अन्न अडकून कुजतं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत हे बरंच दिसतं. घरी पकडीने ओढायचा प्रयत्न करू नका. मूळ आत तुटून राहतं.

नव्या पक्क्या दातांवर खड्डे, तपकिरी पट्टे दिसले तर ते वयाचं लक्षण समजू नका. लहानपणी डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार किंवा जोराचा ताप येऊन गेला असेल, तर तेव्हा तयार होत असलेलं दातांचं वरचं कवच असं अर्धवट राहतं. असे दात म्हाताऱ्या कुत्र्याचे वाटतात आणि सात महिन्यांच्या कुत्र्याला लोक पाच वर्षांचं ठरवतात.

सात महिन्यांनंतर दातांवरून महिने सांगता येत नाहीत. पांढरे शुभ्र, कडा कोऱ्या असतील तर साधारण वर्षाच्या आतबाहेर. मागच्या दातांवर पिवळा थर धरू लागला तर एक-दोन वर्षं. हाडं आणि दगड चावणाऱ्या कुत्र्याचे दात दीड वर्षातच झिजलेले असतात, त्यामुळे हा अंदाज ढोबळच. अगदी गरज असेल तर डॉक्टर पायाचा एक्स-रे काढून पाहू शकतात. वाढणाऱ्या हाडाच्या टोकाशी एक फट दिसते. वाढ संपली की ती भरून येते, बहुतेक कुत्र्यांत वर्षाच्या आगेमागे, मोठ्या जातींत त्याहून उशिरा.

भाद्रपदाचा हिशेब

आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे गावात लहान मुलालाही माहीत असतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात माज येतो आणि गर्भ साधारण ६३ दिवसांचा असतो. म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात फळलेल्या कुत्र्या ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत वितात. संक्रांतीच्या सुमारास गल्लीत हुंदडणारी बरीच पिल्लं दिवाळीच्या आगेमागे जन्मलेली असतात, नऊ-अकरा आठवड्यांची.

दात गप्प असलेल्या त्या दोन महिन्यांत हा हिशेब फार उपयोगी पडतो. जानेवारीत २८ दातांचं पिल्लू सापडलं तर आजूबाजूला विचारा: कुत्री कधी व्यायली, दिवाळीच्या आधी की नंतर? तारीख कोणाला आठवत नाही, सण आठवतो. ‘लक्ष्मीपूजनाला डोळे मिटलेली होती’ एवढं वाक्य मिळालं तरी जन्म त्याआधीच्या दहा-बारा दिवसांतला ठरतो. पण सगळ्याच कुत्र्या पंचांग पाळत नाहीत, उन्हाळ्यातही पिल्लं होतात. म्हणून हा हिशेब दातांना जोडून वापरायचा, दातांच्या जागी नाही.

‘पंचेचाळीस दिवसांचं आहे’

पिल्लू विकत घेणाऱ्यांना हे वाक्य हमखास ऐकू येतं. खरंखुरं ४५ दिवसांचं, म्हणजे साडेसहा आठवड्यांचं पिल्लू असेल तर त्याच्या तोंडात पटाशी आणि सुळे पूर्ण हवेत आणि मागे उपदाढा दिसायला हव्यात. ओठाचा कोपरा मागे सरकवल्यावर तिथे नुसती गुलाबी हिरडी दिसली, चालताना मागचे पाय डुलले, डोळे निळसर असले, तर ते महिन्याचं आहे, विकणारा काहीही म्हणो.

आणि ४५ दिवस खरे असले तरी ते पुरेसे नाहीत. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईजवळचे ते शेवटचे दोन आठवडे पिल्लू दात किती जोराने लावायचे हे शिकतं: जास्त चावलं की भावंड ओरडतं, आई खेळ थांबवते. चार-पाच आठवड्यांना उचललेलं पिल्लू पुढे घरातल्या मुलांच्या हातांवर हे शिकतं. विकणाऱ्याला तोंड दाखवायला सांगा. तो टाळत असेल तर तिथून घेऊ नका, त्या पिल्लाची कितीही कीव आली तरी. ते विकलं गेलं की त्याच्या जागी पुढचं तेवढंच लहान येतं.

अंदाज दोन आठवड्यांनी चुकला तर

वय नेहमी पट्ट्यात लिहा, ‘सहा ते सात आठवडे’ असं. मग त्या पट्ट्यातलं कोणतं टोक वापरायचं, हे कामावर ठरवा.

खाण्यासाठी आणि आईपासून तोडण्यासाठी लहान टोक धरा. सहा आठवड्यांचं समजून सात आठवड्यांच्या पिल्लाला मऊ घास दिला तर काही बिघडत नाही. उलट केलं तर पोट बिघडतं.

लसींसाठीही लहान टोकच. आईकडून मिळालेलं संरक्षण पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लस नीट लागत नाही, आणि ते कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडावा असं पाहतात. पिल्लू खऱ्यापेक्षा मोठं धरलं तर शेवटचा डोस लवकर पडतो आणि लस होऊनही पार्व्हो होण्याची वाट मोकळी राहते. आमच्या चौघांना आम्ही ४ नोव्हेंबरचा जन्म धरून तारखा लावल्या: २२ डिसेंबर, १३ जानेवारी, ४ फेब्रुवारी, २६ फेब्रुवारी. रेबीजची लस बारा आठवडे झाल्यावर, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या फेरीत. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, वजन करून, डॉक्टर सांगतील त्या मापाने. मापासाठी वय चालत नाही, त्या दिवशीचं वजनच लागतं.

मादी पिल्लाच्या नसबंदीचा विचार करताना मात्र मोठं टोक धरा. पहिला माज सहाव्या महिन्यापासून कधीही येऊ शकतो. ‘अजून पाचच महिन्यांची आहे’ असं म्हणत राहिलेली कुत्री गाभण निघाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा अंगाने बारकी म्हणून तिचं वय कमी धरलं होतं. शस्त्रक्रियेची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण बोलणं चौथ्या-पाचव्या महिन्यातच सुरू करा.

पक्के दात येऊ लागले की पहिला अंदाज तपासून घ्या आणि गरज पडली तर कार्डावरची तारीख खोडून दुरुस्त करा. मंडईतली चार पिल्लं तोवर चार घरांत गेली होती. त्या घरांना मी सांगून ठेवलं होतं की फेब्रुवारीच्या शेवटापासून दर दोन-तीन दिवसांनी ओठ वर करून मधले दात पाहा आणि फोटो पाठवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकापाठोपाठ एक चारही फोटो आले. थोराड आता आठ किलोंच्या पुढे गेला होता, बारकी साडेपाचवर होती, आणि दोघांच्याही खालच्या जबड्यात मधोमध दोन रुंद, पांढरे, तीन पाकळ्यांचे दात होते. कार्डावरची १ नोव्हेंबर तशीच राहू दिली.